दोन इंच माया

त्या वर्षी चार महिन्यांत
माझं अकरा किलो वजन उतरलं.
ताटातली भाकरी तशीच वाळायची,
दात घासायला उठणं म्हणजे
पांडवलेणीच्या पायऱ्या चढणं,
आणि सिडकोतल्या आमच्या गल्लीत
माझं कौतुक चाललं होतं.

दुसाने काकूंनी जिन्यात अडवून डाएट विचारलं.
काही नाही, म्हटलं, भूकच लागत नाही.
'नशीबवान गं बाई!'
सातपूरच्या ऑफिसात मृणालने
माझे दोन फोटो, आधीचा आणि आत्ताचा,
शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकले.
एकतीस जणांनी टाळ्या दिल्या. मी मोजल्या,
रात्री तीन वाजता, बाथरूमच्या फरशीवर बसून.

मग गोळ्या.
कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलेलं:
झोप येईल, भूक येईल, वजनही येईल.
आलं.
एका रविवारी मिसळीबरोबर
मी जास्तीचे दोन पाव मागितले.
तर्रीने नाक वाहू लागलं
आणि मला ते चक्क कळलं.

जिना पुन्हा बोलता झाला.
'सोडलंस वाटतं सगळं?'
'जिभेवर ताबा हवा.'
ज्यांना गोळ्यांचा सुगावा लागला
ते म्हणाले, 'मनावर ताबा हवा.'
ताबा, ताबा.
जणू मी कुणी भाडेकरू
आणि शरीर, मन या दोन खोल्या
मुदतीत खाली न केलेल्या.

भाऊ द्वारका चौकात गाडीवरून पडला होता,
तेव्हा हेच सगळे संत्री घेऊन आले.
हाडांवर ताबा नव्हता का रे,
कुणी विचारलं नाही.
खड्ड्याला शिव्या दिल्या, चहा घेतला, गेले.

परवा भद्रकालीत खैरनार मास्तरांकडे
सहा ब्लाऊज घेऊन गेले.
टेप लागताच मी पोट आत ओढलं. सवय.
'श्वास सोडा ताई,
घालून श्वास घ्यायचाय ना?'
आकडा त्यांनी वहीत लिहिला
मेथीच्या जुडीचा भाव लिहावा तसा.
मग ब्लाऊज उलटा करून
कडेची शिवण नखाने दाखवली.
'मागे आत घेतलं होतं,
पण कापलं नव्हतं काही.
दोन इंच माया ठेवलीय.'

टाके टरटर उसवले.
आतली पट्टी बाहेर आली,
ऊन न लागलेली,
बाकी सगळ्या ब्लाऊजपेक्षा
गडद डाळिंबी.