टाचेखाली

ग्रीन म्हणायचो, पण हिरवं तिथं काहीच नव्हतं.
तेल पाजलेली वाळू, वरून गोणपाट ओढून सपाट केलेली.
पाचगणीच्या वरच्या अंगाला नऊ होल,
आणि सातव्याच्या पलीकडं सडा तुटून
खाली एकदम धोमचं पाणी.

दुबाशबाईंची पिशवी माझ्या खांद्यावर.
चौदा काठ्या. पंधरावी निघाली तर दंड,
म्हणून पहिल्या टीवर मी त्या मोजायचो,
आई दळणाला देताना मापं मोजायची तशा,
ओठ हलवत.

नियम बाईंनीच शिकवले, चालता चालता.
वाळूच्या खड्ड्यात मारण्याआधी काठी टेकली: दोन.
दुसऱ्याचा चेंडू मारला: दोन.
ओढ्यात गेला: एक, आणि नवा टाकायचा
हात ताठ करून, खांद्याच्या उंचीवरनं,
शपथ घेतल्यासारखा.
हरवला: एक, आणि माघारी जायचं
जिथून मारला होता तिथं.
हे मला सगळ्यात कडक वाटायचं.
हरवलेल्यासाठी परत चालायचं, वर दंडही भरायचा.

आणि कॅडीची चूक खेळणाऱ्याच्या खात्यावर.
यावर मी हसलो होतो.
आमच्याकडं उलटं असायचं.

चषकाचा शेवटचा दिवस. एप्रिल.
सहाव्यावर बाईंचा चेंडू करवंदीत शिरला.
मला दिसला.
कोरा, काळ्या आकड्यात तीन लिहिलेला.
मी त्यावर अनवाणी टाच ठेवली
आणि हळूहळू वजन दिलं.
लाल मातीत तो आत गेला,
राखेतल्या बटाट्यासारखा गरम.

पाच मिनिटं. तेव्हा पाच असायची.
मीही शोधत होतो, एका पायावर.
घाटाखालचा सायकलवाला बारा रुपये द्यायचा.
दहावीची फी पंचेचाळीस.
तीन चेंडू आधीच गव्हाच्या डब्यात होते.

बाई माघारी गेल्या.
गुडघ्याला पट्टा, डोक्यावर ऊन,
त्यांच्यामागं मी, त्यांची पिशवी घेऊन,
माझीच चूक परत टीपर्यंत वाहून नेत.

आठव्यावर काठी मागं टेकवताना चेंडू हलला.
हलला म्हणजे किती?
गहू कुशीवर वळेल तेवढा.
कुणी पाहिलं नव्हतं.
समोरचे मेहेंदळे वकील छत्रीशी झटत होते.
बाईंनी हात वर केला.
"माझ्याकडून हलला. एक."
मी म्हटलं, वाऱ्यानं असेल.
"वारा कुठे आहे, डिकरा?"

दोन फटक्यांनी हरल्या.
एक त्यांनी स्वतः लावून घेतलेला.
बाकीचा हिशोब मला येतो.

कार्ड भरताना पेन्सिल मीच टोक करून दिली.
खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली तर थेट बाद,
म्हणून बाईंनी दोनदा बेरीज केली,
मग नाव लिहिलं, गुजराती वळणाचं, सावकाश.
कॅडीला सही नसते.

आता स्टार्टरच्या टपरीत मी बसतो.
बाई जाऊन बारा वर्षं झाली.
वाळू गेली, ग्रीन खरंच हिरवी झाली.
पाचाची तीन मिनिटं झाली.
चेंडू गुडघ्यावरनं टाकतात, शपथ तेवढी खाली आली.
शोधताना चुकून हलला तर आता माफ आहे.
मुद्दाम दाबलेल्याचं काय,
ते बघायला मी पुस्तक उघडलेलं नाही.

परवाच्या रविवारी सहाव्यावर गर्दी दिसली म्हणून गेलो.
सगळे वाकलेले, काठ्यांनी पाला उचकटत.
पार्ट्यांचा यशराज तेवढा सरळ उभा.
बूट आहेत हल्ली पोरांच्या पायात.
पण ते उभं राहणं मला कुणी सांगायला नको:
कंबरेवरचा माणूस शोधतोय,
खालचा पहारा देतोय.

मी घड्याळ पाहिलं.
"अजून एक मिनिट आहे," म्हटलं,
कुणालाच उद्देशून नाही,
आणि पाठ फिरवून
धोमच्या पाण्याकडं बघत राहिलो.

मागं करवंदीत काहीतरी सरकलं.