कंबर असलेल्या शेवया

लाँच सुटायला अजून दोन मोटारसायकली आणि एक बोकड यायचाय.
अंकुश मल्लावनं इंजिनाशेजारी स्टोव्ह पेटवलाय,
तेलाच्या डब्याचा पत्रा वाऱ्याला आडवा लावून.
फळीवर खडूनं लिहिलंय : उदोन. तीस रुपये.
त्याखाली, आईच्या हट्टापायी : जाड शेवया, गोड नाहीत.
परवा एका म्हातारीनं पहिली ओळ नातवाकडून वाचून घेतली
आणि हात जोडले. तिला वाटलं, देवीचा उदो.

या सगळ्याला जबाबदार मी.

रांजणगावच्या कंपनीत मी दुभाषी,
सकाळी नऊपासून दोन तोंडांच्या मधे उभी.
माल उशिरा का आला, हे मला जपानीत
सतरा प्रकारे सांगता येतं. त्यातले चार नम्र आहेत.
एका दुपारी मोरिवाकीसानांनी ताट बाजूला सारलं
आणि कँटीनमधल्या अंकुशला, मला नव्हे, सांगू लागले :
आमच्या गावाला बोटीनं जावं लागायचं, तासभर.
मागच्या डेकवर एक बाई उदोन द्यायची.
सगळे उभ्यानं खायचे. रस्सा वाऱ्यानं गार व्हायच्या आत.
त्या शेवयांना कंबर होती.

मी थांबले. पुन्हा विचारलं. शब्द तोच होता.
म्हटलं, अंकुश, ते म्हणतात, शेवयांना कंबर पाहिजे.
टेबलाभोवती सगळे हसले, पण अंकुश नाही हसला.
त्यानं विचारलं, म्हणजे उकळल्यावरही वाकू नये असं?

नंतर त्यानं नोकरी सोडली, लाँचवर चुलत्याच्या हाताखाली आला.
कणीक पोत्यात घालून पायानं तुडवायची असते म्हटल्यावर
छबूबाई तीन दिवस बोलली नाही.
अन्नाला पाय लावायचा?
शेवटी तोड निघाली : पाय धुवायचे,
पोत्याच्या आधी पाया पडायचं, मग तुडवायचं.
रश्शाला लागणारे जपानी मासे इंदापुरात कुठले,
म्हणून सुकटीचं पाणी, त्यात थोडा गूळ, चार मिरं.
मोरिवाकीसान असते तर काय म्हणाले असते
ते मला चारही नम्र प्रकारांत सांगता येईल.

सुटलो. उजनीचं पाणी डिझेलच्या वासाचं, सपाट.
मास्तर, दूधवाला, माहेराहून निघालेली एक पोरगी,
सगळे स्टीलच्या वाट्या छातीशी धरून उभे.
बसायला फळ्या आहेत, पण कोणी बसत नाही.
मी सांगितलं होतं ना, उभ्यानं.
बोकडाला उरलंसुरलं.
मधेच छबूबाई बोट दाखवते : हितं आमची चूल होती.
दर खेपेला वेगळीकडे दाखवते.
कोणी दुरुस्त करत नाही.

पलीकडे पुलाचे खांब वर आलेत. सात मोजले.
अंकुश झाऱ्यानं शेवया उचलतो, थेंब निथळू देतो, विचारतो,
ताई, त्यांच्याकडं पूल झाल्यावर काय केलं हो त्या बाईनं?

बाईचं मला माहीत नाही.
पण त्या दुपारी एक वाक्य माझ्याकडेच राहिलं.
भोंगा झाला, सगळे उठले, आणि मी ते मराठीत आणलंच नाही :
पूल झाला तेव्हा आम्ही सगळे खूश होतो.
शेवटच्या फेरीला मी गेलोही नाही. मला घाई होती.

आणि ही पोरगी, जिला आठवा महिना लागलाय,
ती खांबांकडे कशी बघतेय ते मला दिसतंय.
छबूबाईही तसंच बघते, गुडघे चोळत.

मी म्हणते, पुढचं ऐकायच्या आत भोंगा झाला रे.
तो मान हलवतो. वाटी पुढे करतो.
मी एक शेवई दाताखाली धरते, वाकत नाही, मग तुटते.
मीठ कमी आहे, मी म्हणते.
तो मिठाची बरणी देतो.
झाकण घट्ट बसलंय, दोघांना मिळून उघडावं लागतं,
तोवर काठ येतो.