नंबर सत्तेचाळीस

आलाझानी नदीकाठी जळालेलं एक कोठार,
तीन हजार वर्षांपूर्वीचं.
त्याची राख आम्ही बादलीत घोळतो,
हलकं काळं वर तरंगतं,
वर्तमानपत्रावर वाळतं,
मग माझ्या भिंगाखाली येतं.

गव्हाच्या पोटावरची चीर आंधळाही ओळखेल.
पोळ्यासारखी जाळी अंगभर, आकार मूत्रपिंडाचा: खसखस.
तीन धारा, तिन्ही चकाकत्या: रानचुका.
एलिझबार सर म्हणायचे,
रंगावर जाऊ नकोस गं म्झेविनार,
आग रंग आधी खाते.
काठ बघ. नाभी बघ.
बी आईपासून कुठं तुटलं
ते बी विसरत नाही.

सर गेले. त्यांच्या तेराशे काडेपेट्या उरल्या,
प्रत्येकीत एकेका रोपाचे दाणे,
आणि काचेच्या नळीत सत्तेचाळीस नंबर.
लांबट, तीन अंगांचा, बुडाशी खोच.
चिठ्ठीवर सरांचं अक्षर: अनोळखी.
अकरा वर्षं.

सप्टेंबरात माक्वालाच्या परसात
कोंबड्यांनी एक वाळकं झुडूप उसकटलं.
एक दाणा माझ्या ओल्या तळव्याला चिकटला
आणि फुगला, बुळबुळीत,
सब्जा फुगतो तसा.
"आजी याचं तेल दिव्यात घालायची," माक्वाला म्हणाली,
"घाण वास यायचा."

मूठभर घेऊन आले. भिंगाखाली ठेवलं.
तीन अंगं, हो.
पण बुडाशी पांढराशुभ्र फाटा, दोन बोटं उघडल्यासारखा,
आणि सत्तेचाळीसला पांढरं काहीच नाही.
नाही जुळलं. चहा केला. प्याले.
कप विसळताना सुचलं:
मी जिवंताला जळक्याशेजारी बसवतेय.

पत्र्याच्या डबीत वाळू, वाळूत बारा दाणे,
झाकण घट्ट, हवा लागू नये.
स्टोव्हवर तासभर.
सात फुटले.
पाच राहिले, काळे, जरा सुजलेले,
पांढरं गेलेलं,
आणि त्या जागी खोच.
तीच. चिमणीच्या पावलासारखी.

सर असते तर म्हणाले असते,
पाचांवरून बोलू नकोस, अजून भाज.
भाजले. रात्री नऊपर्यंत भाजले.
मग चिठ्ठीवरचं 'अनोळखी' खोडलं,
पेन्सिलीनंच,
खाली लिहिलं लालेमांशिया,
पुढचं प्रश्नचिन्ह ठेवलं.

केसांत तो वास घेऊन घरी गेले.
लेकानं दारातच नाक मुरडलं,
"काय जळलं?"
"कोठार," म्हटलं,
आणि खिडकी उघडली.