कॅमेरा अकरा

कार्डात चार हजार एकशे बारा फोटो.
त्यातले साडेतीन हजार नुसत्या पानांचे.
केळीचं पान हललं की कॅमेऱ्याला वाटतं, कुणीतरी आलं,
आणि वैशाखात पूर्णेकाठी पान हलायचं थांबत नाही.
फाटून फाटून त्याच्या चिंध्या होतात.

फैजपूरची भाड्याची खोली. पंखा गरम हवा ढवळतोय.
मी एकेक फोटो पुढे ढकलते.
पान. पान. ठिबकची नळी कुरतडणारी खार.
पान. मुंगूस.
रानडुकरांचा कळप, पिलं मधोमध.
एक रोही, पत्ता विसरल्यासारखा उभा.
सुपडूदादा मोटर लावायला निघालेले,
या आठवड्यात वीज रात्रीची आहे.

मग तीन वाजून दहा मिनिटं, रात्र.
वाघीण.
पाटाच्या कडेला ओल्या मातीत पोट टेकून.
रात्रीच्या फोटोत रंग नसतात,
तिच्या पट्ट्यांत आणि केळीच्या सावल्यांत
मला आधी काही फरकच दिसला नाही.

तक्त्यात सातवा रकाना, अधिवास.
घनदाट वन, विरळ वन, झुडपी, शेती.
पहिल्या वर्षी मी शेती लिहिलं.
नेहेते मॅडमनी त्याला पेन्सिलीने गोल केला
आणि विचारलं, ती शेतात येते की शेतात राहते?
मला वाटलं, शब्दांचा कीस काढतायत.
दुसऱ्या वर्षी तिनं कांदेबागेत दोन बछडे वाढवले.
त्यांनी सातपुडा पाहिलेला नाही.
त्यांचं रान म्हणजे सहा बाय पाचवर,
दोरी धरून लावलेली झाडं,
मुळाशी थेंब थेंब खत,
आणि बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत सदतीस.
हे सदतीस मी तीन उन्हाळे मोजलेत.
रकाना अजून कोरा आहे.

पुढचे फोटो. पान. पान. कुत्रं.
त्याच दिवशी, दुपारी तीन वाजून सोळा मिनिटं.
रुबाबबाई तडवी.
पील कापून झालेले, विळा बाजूला,
पाय पाटात, पदर खांद्यावर घसरलेला, डोळे मिटलेले.
जागा तीच. मातीत दबलेला खळगाही तोच.

नियमावलीत लिहिलंय,
मनुष्य आढळल्यास फोटो वगळावा.
चांगला नियम आहे. खाली माझी सही आहे.
मी वगळला.

बॅटऱ्या बदलायला गेले तेव्हा तिला सांगून टाकलं.
का सांगितलं, माहीत नाही.
ती विळ्याची धार अंगठ्यावर बघत होती.
"म्हंजे वाघीन ठेवली अन् मले काढलं?"
मग थोडं थांबून,
"झोपेल दिसत होती का मी?"

मी म्हटलं, त्या जागी ती बसते, ठाऊक आहे?
"ठाऊक नसायले काय झालं. तिचे केस सापडतात मले.
तठीची माती दाबेल राहते, गार राहते.
रातची ती बसते, दिसाची मी."
दोन वर्षं?
"तीन व्हतील आता. तू कधी इचारलंच नाही."

तिच्या या वाक्याला तक्त्यात जागा शोधली.
शेरा नावाचा रकाना आहे, दीड इंच रुंद.
त्यात मी 'स्थानिक माहिती' लिहिलं
आणि खोडलं.

आज नवीन कार्ड. पान. पान. साळिंदर. पान.
सकाळी आठ वाजून दोन मिनिटं.
रुबाबबाई कॅमेऱ्यासमोर उभी.
पदर नीट घेतलेला, कपाळावरचा घाम पुसलेला,
हात दोन्ही बाजूंना सरळ,
नजर थेट माझ्याकडे.
मागे केळीचे घड, निळ्या पिशव्यांतले.
या फोटोत एकही पान हललेलं नाही.

हाही वगळायचा आहे.
बोट कळीवर ठेवून मी बसलेय.
पंखा बंद पडला.
पूर्णेकाठी आता वीज आली असेल,
सुपडूदादा मोटरीकडे निघाले असतील.