हीटर

पत्ता मी मागितला नव्हता.
औषधाच्या दुकानातल्या मुलीने पावतीच्या पाठीवर
आपणहून लिहिला, मान वर न करता:
मंगळवार, आठ, रेल्वे क्लबच्या मागे, हिरवं दार.
म्हटलं, हे कशाला?
म्हणाली, असू दे.

पहिल्या मंगळवारी कुत्र्याला बरं नव्हतं.
(कुत्र्याला काहीही झालेलं नव्हतं.)
दुसऱ्या मंगळवारी दारापर्यंत गेले,
आतून हसण्याचा आवाज आला
आणि मला रागच आला. हसतात कशाला?

तिसऱ्या मंगळवारी पायसांदूत असा जुलै
की नदीवरचं धुकं सरळ गल्लीत शिरलेलं.
मी कामावरून परस्पर, खांद्याला हत्यारांची पिशवी.
दार वाजवायच्या आतच उघडलं.
"हीटरसाठी आलात ना?" म्हातारा. आदेमार त्याचं नाव.
तीस वर्षं मी तारांचंच काम करते.
म्हटलं, हो.

इतकं सोपं खोटं मी जन्मात बोलले नव्हते,
आणि खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता.

गुडघ्यांवर बसले, सगळ्यांकडे पाठ करून.
मागचा पत्रा काढला. एक तार सैल, टोकाला काजळी.
चार मिनिटांचं काम.
मी चाळीस मिनिटं बसले.

पाठीमागे नेलिदा बोलत होती, शाळेची मुख्याध्यापिका:
"घंटा दिली, फाटकात उभी राहिले.
एक पोर वेळेवर येईल तर शपथ! मी नुसती संतापलेली.
शेवटी पाववाला म्हणाला, बाई, आज रविवार."
सगळे हसले. तीही हसली.
अच्छा, म्हणजे हे ते हसू.
मग ती हसायची थांबली, आणि बाकीचे
तिच्यासाठी थांबून राहिले.

वॉशिंग्टन ट्रक चालवतो. लेकीच्या लग्नाच्या
सगळ्या फोटोंत तो आहे, लग्नात मात्र नव्हता.
"फोटो बघून बघून पाठ केलंय," म्हणाला.
एक पोरगा एवढंच बोलला: अकरा दिवस.
कुणाची तरी खुर्ची करकरली.

माझ्या पिशवीत, टेस्टरशेजारी, एक चपटी बाटली,
झाकणासकट काळी टेप गुंडाळलेली,
हत्यार वाटावी म्हणून.
कुणाला? ती पिशवी माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

फिरत फिरत भोपळ्याचा पेला माझ्यापर्यंत आला,
कडू हिरवा चहा, सगळ्यांत एकच नळी.
स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा लागला.
दोन्ही हातांनी धरला तरी पेला हिंदकळला.
आदेमार किटली घेऊन तसाच उभा,
माझे हात सोडून बाकी सगळीकडे बघत.

आमच्याकडे रीत आहे: पेला परत देताना
गप्प राहिलात, तर तो पुन्हा भरून येतो.
"ग्रासियास" म्हणालात, की तुमचं पुरे झालं,
पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात.
शेंबड्या पोरालाही हे कळतं.
बावन्न वर्षं हा शब्द माझ्या तोंडात आहे,
पाववाल्याला म्हटला, कंडक्टरला म्हटला,
चुकून पाय दिला त्यालासुद्धा म्हटला.
बाटलीला एकदाही नाही.

पेला परत दिला. गप्प राहिले.
पुन्हा आला.
पुन्हा गप्प.

नऊला खुर्च्या एकावर एक चढल्या.
हीटर लालबुंद.
"किती द्यायचे?" आदेमारने विचारलं.
म्हटलं, काम पुरं नाही झालं. एक तार
पुढच्या मंगळवारी बघावी लागेल.
त्याने जाळीसमोर तळवे धरले, अगदी सावकाश शेकले,
म्हणाला, तेच म्हणतो मी, फारच गार पडलाय हा.

वाटभर बाटली पकडीवर वाजत राहिली, टक टक.
दोनदा खांदा बदलला.
दारात कुत्रा, ठणठणीत.

ती टेप सोडवायला नखं लागतात.
दिव्याखाली बसून, रात्रीच्या वेळी,
मी दहाच्या दहा कापली.