मिठाला जागून

वालपाराइसोच्या उत्तरेला, पहाटे चारला
निबाल्दो माकुलं आणतो. दोन, कधी एकच,
बादलीत, समुद्रासकट.

एदुविना कापताना बोलत नाही.
आतून काढते एक मज्जातंतू, शेवयीएवढा,
दोन्ही टोकांना दोरा बांधून
ठेवते खाऱ्या पाण्यात.

माकूल मेलंय.
तंतूला कुणी कळवलेलं नाही.
विजेची टिचकी दिली की मीठ आत धावतं,
त्यामागून दुसरा क्षार बाहेर,
आणि पडद्यावर हिरवी रेघ उसळते:
पळ! पळ!

"कुणाला सांगतोय?"
"पुढच्याला."
"पुढे तर कुणीच नाही."
"एरवीही मध्ये फट असतेच, निबाल्दो.
काठावर येऊन थेंबभर रसायन सोडायचं.
पलीकडच्याने घेतलं तर घेतलं."

तो गप्प.
गेल्या हिवाळ्यात दोराने कापला तेव्हापासून
डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत.
तरी थंडीत
त्यांच्यावरही फुंकर घालतो.

आज पाच तास बोलला तंतू,
खाल्ल्या मिठाला जागून.
मग रेघ आडवी झाली
आणि एदुविनाने बादली धुवायला घेतली.