शून्य ते दहा

नोव्हेंबरात मी आंलोगाला गेले तेव्हा
काफुई कांद्याच्या वाफ्यांना पाणी घालत होता.
रेतीत लावलेले बोटाएवढे लाल कांदे,
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण,
आणि मधे एवढीशी पट्टी.

माझ्याजवळ एकेचाळीस प्रश्न होते.
सव्विसावा असा:
आपल्या देशात लोकशाही जशी चालते
तिच्यावर तुम्ही किती समाधानी आहात?
शून्य ते दहा.

"आठ," तो म्हणाला, हातातली झारी खाली न ठेवता.
"नऊ म्हणणार होतो. पण रस्ता बघितलास ना येताना."

रस्त्यापलीकडे सेनानू फाटकाला जोड देत होता.
काळा चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
"दोन.
तेही तू उन्हातून आलीस म्हणून."

मी लिहून घेतलं. आम्हाला हसायची परवानगी नसते.

मग डिसेंबर.
शाळेच्या अंगणात पेटी उलटी केली,
एकेक मतपत्रिका डोक्यावर धरून दाखवली,
आणि सगळा गाव मोठ्यानं मोजू लागला,
डेका, एवे, एटो,
पोरं पाढे म्हणतात तशी.
वीज गेली. कुणीतरी मोटरसायकल चालू करून
दिव्याचा झोत टेबलावर सोडला.
होडीवाल्यांचा गठ्ठा पातळ, कंदीलवाल्यांचा जाड.
काफुई होडीचा प्रतिनिधी.
त्यानं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा मोजलं.
तेवढंच भरलं.
गुलाबी कागदावर सही करताना
त्यानं पेन दोनदा झटकलं.
शाई होती त्यात.

तिसऱ्या दिवशी अक्राहून निकाल आला. देशही कंदिलाचा.

जानेवारीत तेच वाफे, तोच सव्विसावा प्रश्न.
सेनानूनं मला बाकडं दिलं, थंड पाणी दिलं.
"नऊ," म्हणाला, आणि वर,
"या देशासारखा देश नाही."
त्याचं फाटक अजून अर्धंच होतं.

काफुई म्हणाला, "तीन."

पेटी तीच. शाई तीच, दोघांच्याही करंगळीच्या नखावर
अजून जांभळी कोर होती, वाढत बाहेर चाललेली.
केंद्रावर बसलेल्या झिबोर्डीबाईही त्याच,
ज्यांनी दोघांनाही तिसरीत छडी मारली होती.
नाचता येईना त्याला अंगण वाकडं, हे ठाऊक होतं.
पण ज्याला नाचता आलं
त्याचं अंगण रातोरात सरळ कुणी केलं,
हे कुठल्याच म्हणीत सापडेना.

मी मत कुणाला दिलं ते इथे सांगणार नाही.
एवढंच सांगते की सुटकेसच्या तळाशी
माझा स्वतःचा एक फॉर्म होता, कुणी न मागितलेला.
नोव्हेंबरात मी सहा लिहिला होता, फार विचार करून.
जानेवारीत, त्याच गेस्टहाऊसच्या त्याच खाटेवर,
माझ्या हातून आपोआप पडलेला आकडा
मी खोडला,
मग खोडलेलाच पुन्हा लिहिला.
पाच वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारतेय मी.
पगार घेऊन.

काफुई वाफ्यांतून बाहेर आला, पाय धुतले.
"तीन का?" असं मी विचारायचं नसतं. विचारलं नाही.
तोच बोलला, खाजणाकडे बघत:
"घरी गेलो त्या रात्री तर बायको म्हणाली,
सही कशाला केलीस? आकडा चुकीचा होता का?
मी म्हटलं, नाही ना.
बरोबर होता म्हणून तर जेवण गेलं नाही."

त्या सहीसाठी माझ्या कागदावर चौकट नव्हती.
समासात लिहिलं तर ऑफिसात कुणीतरी खोडरबर फिरवतं.

निघताना त्यानं कांद्यांची एक जुडी दिली
(भेटी घ्यायच्या नसतात; घेतली)
आणि सहज, चप्पल शोधता शोधता, विचारलं,
"जिल्ह्याच्या निवडणुकीला प्रतिनिधींची नावं
कधीपर्यंत द्यायची, तुला काही कळलंय?
मागच्या वेळी उशीर झाला होता."

मी कागद बघितला. तीन.
तीनच राहू दिलं.

प्रश्न सत्ताविसावा:
तुमच्या घरी वीज आहे का?